रुचिराचं नाटकांचं पान

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर धुरी राहतात. धाकूकाका, जानकीकाकू आणि त्यांची मुलगी रुचिरा. काका लालबागच्या एका गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर भांडुपच्या एका छोट्या कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. रुचिरा आता पस्तिशीची आहे. तिची गोष्ट मी थोडी जिन्यात ऐकली, थोडी त्यांच्या स्वयंपाकघरात, आणि बरीचशी तिनं स्वतः इंटरनेटवर लिहिली तेव्हा वाचली.

ऐरोलीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तिनं नऊ वर्षं काढली. वेबसाइटचा जो भाग आपल्याला पडद्यावर दिसतो, म्हणजे रंग, बटणं, तक्ते, भरायचे अर्ज, तो बनवायचं तिचं काम. गेल्या वर्षी जानेवारीत एका मंगळवारी सकाळी साडेदहाला सगळ्या टीमला मीटिंगला बोलावलं. पडद्यावर कधीही न भेटलेला एक माणूस आला, त्यानं समोरचं काहीतरी वाचून दाखवलं, आणि बारा मिनिटांत सव्वीस जणांची नोकरी संपली.

ती घरी आली तेव्हा काकू कोलंबी सोलत बसल्या होत्या.

"आज लवकर गं?"

"काढलं आई. आमच्या अख्ख्या टीमला काढलं."

काकू हात धुवायला उठल्या. काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मग काका त्यांच्या मालवणीत म्हणाले, "तुका निदान तोंडार सांगल्यानी. आमच्या गेटार नुसतो कागद चिकटवलेलो."

रुचिराला हसू आलं. हसता हसता रडूही आलं, असं ती सांगते. पण त्या दुपारी ती पोटभर जेवली आणि झोपली.

दुसऱ्या आठवड्यापासून तिनं शोध सुरू केला. लिंक्डइनवर आपल्या फोटोभोवती हिरवं कडं लावलं. काम शोधणारे ते लावतात. काढलेल्या सव्वीस जणांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. त्यातल्या सुशांतनं नियम काढला, की रोज सकाळी नऊला ज्याची पोस्ट असेल तिला सगळ्यांनी लाइक मारायचं आणि खाली दोन चांगले शब्द लिहायचे. जो तो सांगत होता, नुसता बायोडाटा पाठवून काही होत नाही, स्वतःचे प्रोजेक्ट बनवा आणि लोकांना दाखवा. म्हणून रुचिरानंही बनवले. हवामान सांगणारं एक पान. रोजच्या कामांची यादी ठेवणारं अ‍ॅप. काकूंच्या पाककृतींचा संग्रह.

"माझ्या ओळखीतल्या सात जणांनी हवामानाचं पान केलेलं," ती मला म्हणाली होती. "सातही पानांवर मुंबईत तेहतीस डिग्री. बघणारा तरी काय बघणार?"

तिच्या हवामानाला अकरा लाइक आले. त्यातले नऊ ग्रुपमधले होते.

मुलाखती झाल्या, नाही असं नाही. एका ठिकाणी म्हणाले, नऊ वर्षांचा अनुभव आम्हाला जास्त होतो. एका कंपनीनं तीन दिवसांचं काम करायला दिलं, तिनं ते केलं, पाठवलं, आणि त्यानंतर तिथून एक अक्षर आलं नाही. एप्रिल उजाडला. घरात कोणी तिला घाई करत नव्हतं. काकांचं थोडं निवृत्तिवेतन होतं, तिचीही शिल्लक होती. सकाळी ती काकूंबरोबर बाजारात जायची, आणि मासे घासाघीस करून घेणं ह्या एका विषयात तिची त्या चार महिन्यांत फार प्रगती झाली. तरी दुपारी लॅपटॉप उघडला की ती नुसती मेल पुन्हा पुन्हा बघत बसायची.

आता काकांचं सांगायला हवं. गिरणीत असताना ते कामगारांच्या नाट्यस्पर्धांतून प्रॉम्प्टरचं काम करायचे. विंगेत वही घेऊन उभं राहायचं आणि नट अडला की हळूच पुढचा शब्द सोडायचा. रंगमंचावर ते एकदाही गेले नाहीत. पण नाटक त्यांच्या अंगात मुरलं, आणि आजही महिन्यातून एक तरी बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. दर शनिवारी ते वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान जमिनीवर पसरतात आणि भिंग घेऊन त्यावर ओणवे होतात.

एप्रिलमधल्या एका शनिवारी रुचिरा बाजूलाच बसली होती. काका वाचता वाचता वैतागले. "अक्षरा काय ती, मुंगयेपेक्षा बारीक. नाटक खय आसा आणि किती वाजता आसा, एवढाच सांगा मरे. बाकीचा माका नको."

"बाबा, फोनवर बघा ना."

"फोनार तिकीट इकतत. माका आधी खय काय आसा ता कळाक होया."

ते खरंच होतं. तिकिटं विकणारी अ‍ॅप होती, पण त्यात सिनेमा, गाण्याचे कार्यक्रम, हास्याचे प्रयोग सगळं एकत्र. मुलुंड, पार्ले, बोरिवली, ठाणे इथल्या नाट्यगृहांत ह्या आठवड्यात काय आहे हे सरळ सांगणारं तिला काही सापडलं नाही. सोमवारी तिनं काम सुरू केलं आणि बुधवारपर्यंत पान तयार झालं. नाव ठेवलं "नाटक कुठंय". प्रत्येक नाटकाचं रंगीत पोस्टर, खाली तिकिटाच्या आकाराची छोटी छोटी बटणं, एकावर तारीख, एकावर नाट्यगृह, एकावर तिथं जायचा रस्ता. प्रयोग हाउसफुल्ल असला की तारखेचा रंग लाल व्हायचा. माहिती ती स्वतः भरायची. दर गुरुवारी नाट्यगृहांच्या तिकीट खिडक्यांना फोन करायची. पहिल्यांदा एका खिडकीवरच्या गृहस्थांनी तिला विचारलं, "तुम्ही कोण? कशाला पाहिजे तुम्हाला?" ती म्हणाली, "बाबांना नाटक बघायचंय." हे उत्तर त्यांना पटलं. तेव्हापासून ते तिला स्वतःहून फोन करून बदल कळवतात.

मे महिन्यात तिनं ते पान लोकांसमोर ठेवलं. सोबत काकांचा जमिनीवर ओणवे होऊन जाहिराती वाचतानाचा फोटो आणि चार ओळी. ह्या वेळी नऊच्या नियमाची गरज पडली नाही. पोस्ट नाटकवेड्या लोकांच्या फेसबुक ग्रुपांत गेली, तिथून व्हॉट्सअ‍ॅपवर गेली, दोन दिवसांत शेकडो लोकांनी पान उघडलं. छान, झकास, किती सुंदर दिसतंय, असं खाली लिहिलेलं. रुचिरा दर दहा मिनिटांनी फोन बघत होती.

तिसऱ्या दिवशी त्या सगळ्यात एक वेगळी प्रतिक्रिया आली.

"मॅडम, तुमचं पान सुंदर आहे असं सगळे लिहितात. मला दिसत नाही. माझा फोन मला सगळं वाचून दाखवतो. तुमच्या पानावर त्यानं मला वाचून दाखवलं ते असं: चित्र, बटण, बटण, बटण, चित्र, बटण, बटण, बटण. नाटक कोणतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मला नाटकांची आवड आहे म्हणून लिहिलं. राग मानू नये. हेन्री मिस्किटा, मरोळ."

रुचिराचा चेहरा उतरला. थोड्याच वेळात सुशांतचा फोन आला.

"रुची, ती कमेंट डिलीट मार ना. एवढी पोस्ट चाललीय, एचआरवाले बघतायत, आणि खाली चूक काढलेली."

"चूक आहे पण."

"असू दे ना यार. गुपचूप दुरुस्त कर. कमेंट कशाला ठेवायची?"

"बघते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिला राग आला होता, पण सुशांतचा नव्हे. नऊ वर्षांत तिनं असली हजारो बटणं बनवली होती. त्या प्रत्येक बटणाला आतून एक नाव देता येतं, डोळ्यांना न दिसणारं पण फोनला वाचता येणारं, हे तिनं कधीतरी ऐकलं होतं. दिलं मात्र कधी नव्हतं. कोणी मागितलंच नव्हतं.

कमेंट तिनं ठेवली. मग आपल्या फोनवरची वाचून दाखवायची सोय चालू केली, म्हटलं आपणही बघू. चालू झाली, पण आता बंद होईना. बोट लावावं तिथं फोन बोलायला लागला, दाबलेलं काही उघडेना. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कोण बाई बोलते गं सारखी?" शेवटी तिनं लॅपटॉपवरून हेन्रींना निरोप लिहिला, की मीच ते पान बनवलं, चुकलं माझं, आणि आता माझाच फोन माझं ऐकत नाही. पाच मिनिटांत त्यांचा आवाजातला निरोप आला. जाड, सावकाश आवाज. "आवाजाची दोन्ही बटणं एकत्र दाबून धर. तीन सेकंद. बंद होईल. पण मी म्हणतो बंद करू नको, एक तास तशीच वापर. आणि रविवारी मरोळला ये. सांगून कळणार नाही तुला, बसून बघावं लागेल."

ती एक तास टिकली नाही. वीस मिनिटांत बंद केलं. रविवारी मात्र घाटकोपरहून मेट्रोनं मरोळला गेली.

गावठाणातल्या एका गल्लीत, क्रुसाच्या पलीकडे हेन्री मिस्किटांचं घर. ते आणि त्यांची थोरली बहीण फ्रेडा, दोघंच. हेन्रींची नजर लहानपणी तापात गेली. एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. बँकेच्या नाट्यमंडळाच्या तालमींना जाऊन बसायचे, तिथून नाटकाचा नाद लागला. गेली चाळीस वर्षं दर शनिवारी फ्रेडाबाई त्यांना पेपरातल्या जाहिराती वाचून दाखवत आल्या होत्या.

"आता मला पण नीट दिसत नाही," फ्रेडाबाई म्हणाल्या. त्यांनी रुचिरापुढे गरम फुगियास आणि चहा ठेवला. तळलेले ते गोल गोळे तिनं पहिल्यांदाच खाल्ले आणि चार संपवले. "थोडं वाचते, थोडं अंदाजानं सांगते."

"अंदाजानं तिनं मला बोरिवलीला पाठवलं," हेन्री म्हणाले. "नाटक पार्ल्याला."

"बोरिवलीला पण नाटक होतंच की. बघून आलास ना?"

"ते लहान मुलांचं होतं, फ्रेडा. मी आणि सगळी पोरं."

मग हेन्रींनी फोन काढला. त्यांचा फोन इतक्या वेगानं बोलत होता की रुचिराला एक शब्द समजेना. त्यांनी तिच्यासाठी वेग कमी केला. तिनं वही उघडली. ते पानावरून बोट सरकवत होते आणि फोन बोलत होता, चित्र, बटण, बटण. एका ठिकाणी ते अडले तेव्हा रुचिरानं न राहवून त्यांचा हात धरला आणि बोट योग्य जागी नेऊ लागली.

त्यांनी हात सोडवून घेतला. रागानं नाही. "हात नको धरू बाय. मी घरी असताना तू कुठं असणार? मी कुठं अडतो ते लिही फक्त."

ती दोन तास लिहीत बसली. पोस्टरवरचं नाटकाचं नाव म्हणजे चित्र, ते फोनला वाचता येत नव्हतं. हाउसफुल्लचा लाल रंग त्यांच्यासाठी नव्हताच. बातमीचं पान वाचताना ते एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर उड्या मारत जातात, तिच्या पानावर एकही मथळा नव्हता, होती ती नुसती मोठी अक्षरं. निघताना ती म्हणाली, "अंकल, नऊ वर्षं मी हेच करत आले हो. सगळीकडे."

"मग सगळीकडे काम आहे तुला," हेन्री म्हणाले.

दुरुस्तीला नऊ दिवस लागले. दिसण्यात पान जवळजवळ तसंच राहिलं, आतून मात्र नव्यानं बांधलं. ती एकेक भाग करून हेन्रींना पाठवायची, आणि त्यांचा निरोप यायचा: "ठीक." किंवा: "नाही." नवव्या दिवशी जरा लांब निरोप आला. "शनिवारी दुपारी चार, मुलुंड, दोन अंकी, तिकिटं शिल्लक. मला फ्रेडाला विचारावं लागलं नाही."

मग रुचिरानं दुसरी पोस्ट केली. त्यात दोन छोटे व्हिडिओ होते. दोन्ही व्हिडिओंत पडदा पूर्ण काळा, फक्त आवाज. पहिल्यात जुनं पान हेन्रींच्या फोननं कसं वाचलं ते, दुसऱ्यात नवं. त्यांची परवानगी घेऊन तिनं त्यांचं नावही दिलं. खाली लिहिलं: "हे काम मी नऊ वर्षं केलं आणि मला हे माहीत नव्हतं. मिस्किटा अंकलनी शिकवलं. तुम्ही बनवलेलं पान एकदा डोळे मिटून ऐका." सुशांतनं तिला आधी सांगून पाहिलं होतं, की माहीत नव्हतं असं नोकरी शोधताना कोणी लिहितं का. तिनं तसंच ठेवलं.

ही पोस्ट पहिलीइतकी पसरली नाही, पण ज्यांनी वाचली त्यांनी तिला पत्रं लिहिली. नागपूरची एक विद्यार्थिनी, पुण्यातले एक वकील, सगळे दृष्टिहीन. वेबसाइटचं काम करणाऱ्या मुलामुलींनीही विचारलं, हे शिकायचं कुठून. ती प्रत्येकाला उत्तर द्यायची. सुशांतनं आपलं कामांच्या यादीचं अ‍ॅप डोळे मिटून ऐकलं आणि ग्रुपवर लिहिलं, "वाट लागली माझी." त्या आठवड्यात सकाळी नऊला लाइक मारण्याऐवजी ग्रुपमधले लोक एकमेकांची पानं ऐकून चुका सांगू लागले.

त्या शनिवारी हेन्री आणि फ्रेडाबाई मुलुंडला नाटकाला आले. रुचिरा काकांना घेऊन गेली होती. ती मला सांगते, मध्यंतरात वडे खाता खाता जे बोलणं झालं ते नाटकापेक्षा चांगलं होतं.

हेन्री म्हणाले, "डाव्या विंगेत प्रॉम्प्टर आहे. दुसऱ्या प्रवेशात बाईंना तीनदा शब्द दिला त्यानं."

काका चपापले. "तुमका ऐकू येता ता?"

"मला सगळं ऐकू येतं. जुन्या नाटकांत तर प्रॉम्प्टरचं आधी ऐकायचो, मग नटाचं."

"कामगार स्पर्धेतली नाटका बघितलास?" काकांनी जपून विचारलं.

"परळला पुष्कळ. बँकेतला मित्र न्यायचा. एका गिरणीचा प्रॉम्प्टर फार चांगला होता. शब्द असा द्यायचा की नटाला लाज वाटू नये."

तो प्रॉम्प्टर काकाच होते का, हे कोणी सांगू शकणार नाही. गिरण्या साठ होत्या. काकांनी गिरणीचं नाव विचारलं, ते हेन्रींना आठवेना. पण काकांनी त्यांच्या हातात आपल्या वाटणीचा दुसरा वडा दिला. त्यानंतर दर गुरुवारी, रुचिराची माहिती भरून झाली की काका स्वतः हेन्रींना फोन करतात आणि कुठलं बघायचं ह्यावर अर्धा तास घालवतात.

नोकरीचं मात्र अजून काही जमलं नव्हतं. एका कंपनीनं कळवलं, आमची वेबसाइट तपासून द्या, तुमचं नाव होईल. तिनं नम्रपणे नाही म्हटलं. एकांना हेन्रींचा व्हिडिओ आपल्या जाहिरातीत हवा होता. तिनं हेन्रींना विचारलं, ते म्हणाले, "त्यांची वेबसाइट मला उघडता येते का विचार." तिनं विचारलं. पुढे त्यांचा निरोप आला नाही.

जुलैच्या मध्यावर क्षमा नावाच्या बाईंचं पत्र आलं. अंधेरीला चकाल्यात त्यांची बारा माणसांची कंपनी. सहकारी बँका आणि दवाखाने यांच्या वेबसाइट बनवतात. त्यांनी लिहिलं होतं, की एका बँकेनं विचारलंय, दृष्टिहीन खातेदारांना आमचा अर्ज भरता यायला हवा, तो येतो का. आमच्यात हे कोणाला कळत नाही. भेटायला याल का?

रुचिरानं उत्तर लिहिलं. येते, पण एकटी येऊन उपयोग नाही. माझ्यासोबत मिस्किटा असतील, आणि त्यांच्या वेळेचे पैसे त्यांना मिळायला हवेत. पाठवल्यावर तिला भीती वाटली. काकूंना म्हणाली, "आई, जास्तच बोलले बहुतेक."

"बरोबर बोललीस," काकू म्हणाल्या. "तो माणूस काय उगाच दुपार घालवील?"

संध्याकाळी क्षमाबाईंचं एका शब्दाचं उत्तर आलं, चालेल.

त्या भेटीत रुचिराला फारसं बोलावंच लागलं नाही. हेन्रींनी आपल्या फोनवर बँकेचा अर्ज उघडला. नाव भरलं. पत्ता भरला. जन्मतारखेपाशी अडले, पण वाट काढली. शेवटच्या पायरीवर पडद्यावर वेडीवाकडी अक्षरं असलेलं एक चित्र आलं, त्यातली अक्षरं बघून खाली लिहायची होती. फोन म्हणाला, चित्र. हेन्रींनी पुन्हा बोट फिरवलं. चित्र. ते शांतपणे म्हणाले, "माझं खातं ह्याच्यापुढे उघडत नाही."

क्षमाबाई खुर्चीतून उठल्या. मग दार उघडून त्यांनी बाहेरच्या मुलांना आत बोलावलं. "सगळे या. अंकल, त्रास होईल तुम्हाला, पण पहिल्यापासून परत एकदा कराल?"

"करतो की," हेन्री म्हणाले. "आधी चहा सांगा."

सात जण भिंतीला टेकून उभे राहिले आणि हेन्रींनी तो अर्ज पुन्हा भरला. जन्मतारखेपाशी अडले तेव्हा एक मुलगा पुढे झाला, रुचिरानं त्याला हातानंच थांबवलं.

एक ऑगस्टला ती तिथं कामाला लागली. पगार ऐरोलीपेक्षा थोडा कमी आहे, ती लपवत नाही. पण तिच्या टेबलावरून काम पुढे गेल्याशिवाय तिथं कुठलंच पान बाहेर जात नाही. हेन्री आठवड्यातून दोन दुपारी येतात. निवृत्त झाल्यावर सात वर्षांनी त्यांना पुन्हा नोकरीचं ओळखपत्र मिळालं. फ्रेडाबाईंनी त्यांच्या शर्टांना पुन्हा इस्त्री करायला सुरुवात केली आणि कुरकुरत का होईना, त्यांना डबाही देतात.

सुशांतला सप्टेंबरात पवईला काम मिळालं. ग्रुपमधल्या चार जणांचं अजून व्हायचंय. रुचिरा त्यांच्याबरोबर दर रविवारी सकाळी एक तास बसते आणि त्यांनी बनवलेलं जे असेल ते डोळे मिटून ऐकते. त्यातल्या एकीनं नळाच्या पाण्याच्या वेळा सांगणारं पान केलंय, आपल्या मुलुंडमधल्या पंधरा सोसायट्यांसाठी. मीही ते वापरतो. चांगलं आहे.

"नाटक कुठंय" अजून फुकट आहे. पावसाळ्यानंतर नागपूरच्या त्या विद्यार्थिनीनं विचारलं, आमच्या इथली नाटकं का नाहीत? रुचिरानं लिहिलं, मला तिथली माणसं माहीत नाहीत. मुलीनं लिहिलं, मला माहीत आहेत. आता नागपूरची माहिती तीच भरते, नाशिकची एक निवृत्त शिक्षिका भरते, आणि रत्नागिरीसाठी कोणीतरी तयार झालंय.

परवा जिन्यात रुचिरा भेटली. खांद्यावर ऑफिसची बॅग आणि हातात बांगड्यांची पिशवी, म्हणजे बांगडा मासळीची, बाजारातून परस्पर आणलेली. मी विचारलं, कसं चाललंय. म्हणाली, आज ऑफिसात हेन्री अंकल आणि एका मुलाचं एका बटणाच्या नावावरून वाजलं. मुलगा म्हणे "पुढे जा" लिहू, अंकल म्हणे, कुठं पुढे ते सांग, नाहीतर माणूस जाईल कसा. पाऊण तास वाद चालला.

"मग काय ठरलं?" मी विचारलं.

"काही नाही ठरलं. उद्या परत बसणार आहेत दोघं," ती म्हणाली आणि किल्ली काढायला पिशवी माझ्या हातात दिली. दार उघडल्यावर आतून काकू म्हणाल्या, ताजे दिसतायत, दोन तुम्ही पण न्या. मी नेले.